ठळक अक्षराचा स्वभाव



मी कामगारांत वावरणारा माणूस. युनियनची हस्तपत्रके छापून घेता घेता छापखान्यात जे शिकलो, तेवढेच आज आपल्यापुढे मांडणार आहे.

ठळक अक्षर म्हणजे नुसते जाड अक्षर, असा समज आहे. तो बरोबर नव्हे. तिरक्या कापलेल्या बोरूने एका दिशेची रेघ जाड उमटते, दुसऱ्या दिशेची बारीक. आपल्या देवनागरीचे रूप या फरकातून घडले. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या ठशांमुळे हे वळण शिशाच्या खिळ्यांत उतरले. तिकडे इटलीत पार्मा शहरी बोदोनीने रोमन अक्षरांत हाच फरक टोकाला नेला. उभा दांडा खांबासारखा, आडवी रेघ आणि दांड्याच्या टोकाची पट्टी केसासारखी. पुढे लंडनच्या जाहिरातवाल्यांनी दांडा आणखी फुगवला, केसासारखी रेघ मात्र तशीच ठेवली. काळे उठून दिसते ते शेजारच्या बारकाईमुळे आणि पांढऱ्यामुळे.

संगणकावर कळ दाबून सगळ्याच रेघा सारख्या जाड केल्या, तर अक्षराचे पोट बुजते. 'ब'मधली तिरकी रेघ हरवते आणि 'ब'चा 'व' होतो. नुकताच वाचायला शिकलेला कामगार तिथेच अडतो आणि पत्रक घडी करून खिशात टाकतो.

मग असे अक्षर कुठे वापरावे? भिंतीवरच्या पत्रकाचा मथळा, पुस्तकाचे नाव, सभेची तारीख. म्हणजे मोठ्या आकारात, थोड्या शब्दांना, चांगल्या कागदावर. बारीक मजकुराला ते नको. हलक्या कागदावर शाई पसरते. स्वारगेटला येणाऱ्या एस.टी.च्या पाटीलाही नको. चालत्या गाडीवर, संध्याकाळच्या उजेडात, बारीक रेघ आधी नाहीशी होते आणि उरलेल्या दांड्यांवरून प्रवाशाने गाव ओळखायचे! तिथे सारख्या जाडीचे, मोकळ्या पोटाचे अक्षरच बरे.

आता मुद्द्याची गोष्ट. एका कारखान्याच्या फाटकावर मी नोटीस पाहिली होती. 'कामगारांच्या हितासाठी' हे शब्द तीन बोटे उंच, काळेभोर. आणि पगार कापण्याची अट तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. शब्द एकही खोटा नव्हता. तरी पाळी सुटल्यावर घाईने जाणाऱ्या माणसाला काय दिसावे आणि काय दिसू नये, हे खिळ्यांनी ठरवले होते. आमच्या बाजूची पत्रकेही निर्दोष नसतात. दहा मागण्या, दहाही ठळक. मग कामगाराने लक्षात ठेवायची कोणती?

म्हणून पत्रक छापायला देण्यापूर्वी त्यातले फक्त ठळक शब्द कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगावेत. तेवढ्यावरून काय मागायचे, कधी आणि कुठे जमायचे हे त्याला कळले, तर खुशाल छापावे. न कळले, तर मथळा बदलावा.