लाळेतली राखण

(मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, डिप्लोमा केलेला रेल्वे इंजिनिअर आहे. तरी या विषयावर बोलायला उभा आहे, त्याला कारण गेल्या वर्षीचा प्रसाद. आमच्या एका सहकाऱ्याला मोदक दिला, तर त्याने तो मोडून तुकडा-तुकडा खाल्ला. तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हते. गुटख्याची पंधरा वर्षांची सवय! आम्ही रोज शेजारी बसून डबा खायचो, पण कुणाच्या लक्षात आले नाही.

तपासणीत निदान झाले ‘ओरल सबम्युकस फायब्रोसिस’. यात गालाच्या आतले मऊ अस्तर ताठर होत जाते. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्येच या रोगाचे वर्णन केले होते. हा कर्करोग नव्हे, पण त्याच्या आधीची पायरी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संशोधकांनी केरळात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले. १९८५ साली निष्कर्ष आला, त्यांपैकी ५ जणांना कर्करोग झाला.

आता लाळेकडे वळू. रूळ, पूल गंजतात ते ऑक्सिजनमुळे, हे आपल्याला ठाऊक आहे. सुपारीला चुना लागला की तोंडातही ऑक्सिजनचे उपद्रवी कण तयार होतात आणि पेशींना इजा करतात. त्यांना आवरायला लाळेत विकरे असतात. सुपरऑक्साइड डिसम्युटेज या कणांचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते. कॅटालेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज त्याचे पाणी करतात. पुलावरच्या रंगासारखी ही राखण. अनेक अभ्यासांत अशा रुग्णांच्या लाळेत ही विकरे निरोगी माणसापेक्षा कमी आढळली. मात्र सगळ्यांचे आकडे जुळत नाहीत. म्हणून खात्रीचे निदान आजही तुकडा काढून, म्हणजे बायॉप्सीनेच होते.

पण पहिली तपासणी घरी, फुकट होते. तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का पाहा. आरशासमोर गाल, जीभ पाहा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तिखटाने होणारी आग, दोन आठवड्यांत न भरणारी जखम यांपैकी काहीही दिसले तर दंतवैद्याकडे जा. आपल्या बेंगळुरूतच किडवाई कर्करोग संस्था आहे.

कर्नाटकात २०१३ मध्ये गुटख्यावर बंदी आली. पण पानमसाला आणि तंबाखूच्या दोन पुड्या घेऊन लोक तेच मिश्रण करतात. नुसती सुपारीही निर्दोष नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तिला कर्करोगकारक ठरवले आहे.

आमच्या मित्राने पुडी सोडली. ताठरलेला गाल पूर्वीसारखा झाला नाही. यंदाही त्याने मोदक मोडूनच खाल्ला. पण खिसा रिकामा होता. आपल्या शेजारी डबा खाणाऱ्याकडे एकदा नीट पाहा, एवढीच विनंती.