छापा आणि छापा
नाणेसंग्राहकांचे संमेलन, वर्धा : स्वागताध्यक्षीय भाषण

नाण्याच्या एका बाजूला राजाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला देवता, प्राणी, चिन्ह किंवा मूल्य, ही जगभरची रूढ मांडणी. चेहरा दोन्ही बाजूंना आला, तर तो सहसा हौसेखातर आलेला नसतो. दुसऱ्या कोणाला तरी पुढे करण्याची राज्यकर्त्याला गरज पडलेली असते. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील बॅक्ट्रियाचा राजा युक्रेटिडीस याच्या एका चांदीच्या नाण्यावर एकीकडे तो स्वतः शिरस्त्राण घालून आहे आणि दुसरीकडे हेलिओक्लीस व लाओडिसी ही जोडी. हे त्याचे आईवडील मानले जातात. लाओडिसीच्या केसांवर राजपदाची फीत आहे, हेलिओक्लीसच्या डोक्यावर ती नाही. राजरक्ताचा दावा आईकडून होता, असा याचा अर्थ अभ्यासक लावतात.

हा अर्थ वर्ध्यात चटकन कळावा. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिने आपल्या ताम्रपटांत सासरच्या आधी माहेरच्या गुप्तांची वंशावळ कोरवली. नाण्यावर जे काम दुसरा चेहरा करतो, ते इथे अक्षरांनी केले. तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन याने वसवलेले प्रवरपूर म्हणजे धाम नदीकाठचे पवनार, असे वा. वि. मिराशी यांनी मांडले. काही अभ्यासक हा मान मनसरला देतात. स्वागत समिती अर्थातच मिराशींच्या बाजूची आहे, आणि प्रतिनिधींचे स्वागत याच पवनारच्या शेजारी होत आहे.

अँटनी आणि क्लिओपात्रा यांचे इसवी सनपूर्व 32 मधील रोमन दिनार आणि पार्थियाचा फ्राटाकीस व त्याची आई म्युझा यांची नाणी युक्रेटिडीसच्या नाण्याच्याच जातीची. एकात युती, दुसऱ्यात मायलेकांचे संयुक्त राज्य.

महाराष्ट्रात मात्र अशा नाण्यांचा दुष्काळ आहे. सातवाहनांच्या चांदीच्या नाण्यांवर राजाचा चेहरा एकाच बाजूला. मागे उज्जैन चिन्ह. वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळ्याला 1939 मध्ये सापडलेल्या सातवाहन नाण्यांवर तर हत्ती आहे. नाशिकजवळ जोगलटेंभीला 1906 मध्ये तेरा हजारांहून अधिक नाणी मिळाली. ती क्षत्रप राजा नहपानाची, त्यांतील नऊ हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला चैत्याचा ठसा पुन्हा मारला. काहींवर चैत्याखालून नहपानाचा चेहरा अजून डोकावतो. राजे दोन, चेहरा एकाचाच. पुढे शिवराईवर दोन्ही बाजूंना फक्त अक्षरे आली: ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’.

ही उणीव भरून काढतात त्या रामटंका. एका बाजूला सिंहासनावरील राम-सीता, दुसऱ्या बाजूला बहुधा राम-लक्ष्मण. हे चलन नव्हे. देवघरात पूजेसाठी ठेवण्याची मुद्रा. नेमका इथेच बाजार फसवतो. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, 1818 सारखे साल आणि देवांच्या आकृती असलेले तांब्या-पितळेचे तुकडे कंपनीची नाणी म्हणून खपवले जातात. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आपले नाव वापरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये इशाराही दिला होता.

आधुनिक काळात निवड मोठी आहे. व्हिक्टोरियाच्या 1897 च्या महोत्सवी पदकावर एकीकडे पदर घेतलेली वृद्ध राणी, दुसरीकडे तीच तरुणपणी. ब्रिटनच्या 1965 च्या क्राउनवर एलिझाबेथच्या पाठीशी चर्चिल. अमेरिकेच्या 1959 ते 2008 च्या सेंटवर पुढे लिंकन आणि मागे त्याच्या स्मारकाच्या खांबांमध्ये भिंगातून दिसणारा इवलासा लिंकन. स्वस्तातली सुरुवात करायची, तर हाच सेंट उत्तम. स्वतंत्र भारताच्या नाण्यांत अशी जोडी शोधू नये. एक बाजू अशोकस्तंभाच्या सिंहांची असते. 1964 चे नेहरू आणि 1969 चे गांधी, दोघेही एकाच बाजूला आहेत.

‘शोले’तल्या नाण्यासारखे दोन्हीकडे छापा असलेले रुपये विक्रीला येतात. टाकसाळीत दोन दर्शनी ठसे समोरासमोर बसण्याची चूक फार दुर्मीळ. बहुतेक वेळा दोन नाणी कोरून एकात एक बसवलेली असतात. कडेच्या आतली सांध्याची रेघ, वजनातला फरक आणि बद्द आवाज यांवरून ते ओळखता येते. व्हिक्टोरियाचा रुपया 11.66 ग्रॅमचा हवा.

नोंद करताना ठशांची दिशा लिहावी. ब्रिटिश क्राउन आडवा उलटला की दुसरा चेहरा सरळ दिसतो. अमेरिकन सेंट तसा उलटला की स्मारक खाली डोके वर पाय होते. अशा संग्रहाला दोन्हीकडून पारदर्शक डबी लागते. पीव्हीसीची मऊ पाकिटे टाळावीत, त्यांनी धातूवर हिरवट चिकटा धरतो. शंभर वर्षांहून जुने नाणे 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते परदेशी नेता येत नाही. शेतात नांगराला नाणी लागली आणि त्यांची किंमत दहा रुपयांहून अधिक असली, तर 1878 च्या निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. जमीन स्वतःची असली तरीही.