बोरं खाल्ली, फूल राहून गेलं

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेत असताना मी एकदाच भाषण केलं होतं, टिळक पुण्यतिथीला, आणि तिसऱ्या वाक्याला विसरून खाली बसले होते. म्हणून आज हातात कागद आहे. मराठीच्या बाई समोरच बसल्या आहेत, त्यांनी तेवढी सूट द्यावी.

ग्रुपवर मला सांगण्यात आलं, ‘तू ते किड्यांचे फोटो काढतेस ना, त्यावर दहा मिनिटं बोल.’ बोलते. पण आधी एक प्रश्न. मेहरूणची बोरं कोणी कोणी खाल्ली आहेत? सगळेच हात वर. मधल्या सुट्टीत फाटकाबाहेरच्या आजींकडून, कागदाच्या पुडीत, तिखट-मीठ लावून. आता दुसरा प्रश्न. बोराचं फूल कोणी पाहिलंय?

तीन हात. त्यातले दोन शेती करणाऱ्यांचे.

मी स्वतः चाळिशी गाठेपर्यंत ते पाहिलं नव्हतं. पडद्यावर जो हिरवट-पिवळा तारा दिसतोय, तेच बोराचं फूल. प्रत्यक्षात ते मुगाच्या दाण्याएवढं असतं. बाहेरची पाच टोकं म्हणजे त्याची निदलं. त्यांच्या मधे चमच्यासारख्या पाच चिमुकल्या पाकळ्या आहेत. मधोमध जाड चकती, आणि तिच्यावर चमकतोय तो मध. या फुलाला काही मोगऱ्याचा वास नाही. त्यामुळे त्याच्यावर माश्या आणि गांधीलमाश्याच जास्त. पण त्या आल्या नसत्या तर आपल्याला त्या पुड्या मिळाल्या नसत्या.

हा नाद मला लागला तो आईमुळे. २०१९ मध्ये तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून मी तीन आठवडे जळगावात होते. पट्टी निघाल्यानंतर दोन दिवसांनी ती सकाळी तुळशीला पाणी घालत होती. मंजिरीकडे वाकून बघत मला म्हणाली, “अगं, हिची फुलं जांभळी असतात?” चाळीस वर्षं ती रोज त्या तुळशीला पाणी घालत होती. मोतीबिंदूने डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि निळे-जांभळे रंग हळूहळू मळकट दिसायला लागतात, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. आईला निदान कारण होतं. माझे डोळे चांगले होते, आणि तुळशीला फूल असतं हे मीही तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिलं.

मोबाइलवर फोटो काढला, तो धूसर आला. मग बाबांच्या रोलच्या जुन्या कॅमेऱ्याची ५० मिलीमीटरची लेन्स कपाटातून काढली. एक जुना डिजिटल कॅमेरा विकत घेतला आणि ती लेन्स एका कडीने त्याला उलटी बसवली. उलटी लावली की साधी लेन्स भिंगासारखी वागते. अगदी जवळचं दिसतं, आणि ते जवळजवळ मूळ आकाराएवढंच आतल्या सेन्सरवर उमटतं. महागडं काही लागत नाही. फ्लॅशचा उजेड बोचू नये म्हणून पुढे बटर पेपर लावते.

या फोटोग्राफीची एकच अडचण आहे. इतक्या जवळ गेलं की स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम एक मिलीमीटर जाडीचा उरतो. मुंगळ्याचा डोळा स्पष्ट आला तर पाय धूसर. तुम्ही श्वास घेतला तरी तेवढ्यात फोकस सरकतो. म्हणून जमिनीवर पालथं पडायचं, कोपरं टेकायची, श्वास सोडून थांबायचं आणि मग बटण दाबायचं. वारा सुटायच्या आत, सकाळी नऊच्या आधी. गारव्यात किडेही सुस्त असतात. ऑफिसात मी दोन मिनिटं गप्प बसत नाही, असं माझी टीम म्हणते. बांधावर मी पाऊण तास एका पानासमोर पडून असते.

मागच्या दिवाळीत मी शाळेत आले होते. शिपाईमामांनी ओळखलं नाही, पण आत सोडलं. मैदानाच्या कडेला, नळाजवळ, तो दगडी पाला अजून आहे. कोणी त्याला एकदांडी म्हणतं. कबड्डीत गुडघा फुटला की आपण त्याची पानं चुरून रस लावायचो. त्याचं फूल आता मोठं करून बघा. हे एक फूल नाहीच. मधे पिवळ्या नळकांड्यांसारखी दिसतायत ती प्रत्येकी एकेक फूल आहे. कडेच्या पांढुरक्या पाकळ्या म्हणजेही एकेक वेगळं फूल, आणि प्रत्येकाच्या टोकाला तीन दाते. एका दांडीवर अख्खा वर्ग बसलाय. आपल्या तुकडीसारखाच, कडेला बसणारे वेगळे आणि मधे दाटीवाटीने बसणारे वेगळे.

आज जेवणात भरीत आणि कळण्याची भाकरी आहे, तेव्हा वांग्याचंही सांगून टाकते. वांग्याच्या जांभळ्या फुलात मधे पिवळ्या परागकोशांचा एक सुळका असतो. बाकी बऱ्याच फुलांत परागकोश उभा फाटतो आणि पराग बाहेर येतात. इथे टोकाला फक्त बारीक भोकं असतात, मिठाच्या डबीसारखी. भुंगा येतो, सुळक्याला मिठी मारतो आणि पंख न फडफडवता अंगातले स्नायू थरथरवतो. त्या थरथरीने पराग भुरभुरतात. तेव्हा त्याच्या गुणगुणण्याचा सूरही बदलतो, कान दिला तर कळतं. आपल्या नेहमीच्या मधमाशीला हे जमत नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं याचा आपल्याला अभिमान आहेच. त्यात या भुंग्याचाही वाटा धरा.

आता थोडं धुळ्याबद्दल. बारावीनंतर मी धुळ्याला इंजिनिअरिंगला गेले, १९९७ साली. चार वर्षांत लळिंगच्या किल्ल्यावर किती वेळा गेलो असू, पण पायाखाली काय आहे ते एकदाही पाहिलं नाही. आणि त्याच वर्षी, मी पहिल्या सेमिस्टरला असताना, नोव्हेंबरमध्ये शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा सापडला. नंदुरबार जिल्हा तेव्हा व्हायचा होता, म्हणजे शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच. १८८४ नंतर या पिंगळ्याची खात्रीची नोंद नव्हती. ११३ वर्षं झाली, तो नामशेष झाला असावा असं मानलं जात होतं. पामेला रासमुसेन, बेन किंग आणि त्यांचे सहकारी अमेरिकेहून आले आणि त्यांनी तो पाहिला. गंमत म्हणजे हा पिंगळा दिवसाउजेडी वावरतो. मला ही बातमी कळली ती वीस वर्षांनी, पुण्यात, ऑफिसच्या बसमध्ये. तेव्हा थोडी लाज वाटली.

पण खरी लाज वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. ती सांगावी की नाही, याचा मी बराच विचार केला.

ग्रुपवर मी टाकलेला एक फोटो तुम्हाला आठवत असेल, रुईच्या पानाखालचा हिरवा कोष, त्याच्यावर सोन्याचे ठिपके. माझ्या कुठल्याही फोटोला इतकी दाद मिळाली नव्हती. तो कोष ‘बिबळ्या कडवा’ या फुलपाखराचा. त्याचा सुरवंट रुईची पानं खातो, रुईतलं विष अंगात साठवतो, आणि मग पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. तो फोटो मी शेतात काढलेला नाही. वारा होता, फांदी हलत होती, म्हणून मी ती फांदी तोडली, डब्यात आडवी ठेवली आणि घरी आणली. रात्री निवांत, दिव्याच्या उजेडात, फोटो काढला. डबा तसाच ओट्यावर राहिला.

चौथ्या दिवशी सकाळी फुलपाखरू बाहेर आलं होतं. कोषातून निघालेल्या फुलपाखराचे पंख ओले, चुरगळलेले असतात. ते कशाला तरी लटकतं, अंगातला द्रव पंखांमध्ये सोडतं, पंख पसरतात आणि वाळतात. त्यासाठी खाली मोकळी जागा लागते. माझ्या डब्यात ती नव्हती. पंख दुमडलेले होते तसेच वाळले. ते चालत होतं, उडू शकत नव्हतं. मी त्याला परत रुईवर नेऊन सोडलं. दुसऱ्या दिवशी ते तिथे नव्हतं.

तुम्ही सगळे तेव्हा ‘वा!’ म्हणत होतात आणि मी हात जोडल्याची चित्रं पाठवत होते. हे मी कोणालाच सांगितलं नाही. आज सांगितलं. तेव्हापासून मी काही तोडत नाही, हलवत नाही, उचलत नाही. वारा असला तर फोटो नाही. सौंदर्य बघायला मिळतंय म्हणून ते आपलं होत नाही, इतकी साधी गोष्ट कळायला माझ्यासारख्या शिकल्या-सवरल्या बाईला एक फुलपाखरू खर्ची घालावं लागलं.

यानंतर धरणगावकडे मामांच्या शेतात गेले होते. कपाशी कमरेएवढी. मामा फवारणीचा पंप भरत होते. मी पानं उलटून बघत होते, तर एका पानाच्या मागे केसासारख्या बारीक देठांवर पांढरे दाणे उभे दिसले, टाचण्या खोचल्यासारखे. फोटो मोठा करून मामांना दाखवला.

“हाई काय शे?” मामा म्हणाले.

ती क्रायसोपाची अंडी होती. त्यातून निघणारी अळी मावा खाते, तुडतुडे खाते. मुंग्यांनी खाऊ नये आणि आधी बाहेर आलेल्या भावंडांनीही खाऊ नये, म्हणून मादी अंडी देठावर घालते. मामांचं आयुष्य कपाशीत गेलं. क्रायसोपा हे नाव त्यांनी शेतकरी मेळाव्यात ऐकलं होतं, पण अंडी डोळ्यांनी पाहिली नव्हती.

मामांनी पंप ठेवून दिला असं मी सांगितलं तर तुम्ही टाळ्या वाजवाल. तसं झालं नाही. त्यांनी फवारणी केली. डोक्यावर कर्ज होतं आणि शेजारच्या शेतात तुडतुडे वाढले होते. एका फोटोवर वर्षाचं पीक सोडा, असं पुण्याहून आलेल्या भाचीने सांगायचं नसतं. मी गप्प राहिले. पण पुढच्या वर्षी मामांनीच फोन करून मोबाइलला लावायचं भिंग मागवून घेतलं. आता ते आधी पानं उलटतात आणि मोजतात. दर पानामागे तुडतुडे दोन-तीनच्या वर गेले तरच औषध घ्यावं, असं कृषी विभागवाले किती वर्षं सांगत आलेत. मोजण्याएवढं दिसत नव्हतं, ते आता दिसतं. गेल्या हंगामात त्यांची एक फवारणी वाचली. एकच. पण बांधावरची रुईही त्यांनी ठेवली आहे, तण म्हणून मारली नाही.

मामांचं धरणगाव म्हणजे बालकवींचं जन्मगाव. १९०७ साली आपल्या जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक ठोमरे नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाला ‘बालकवी’ हे नाव मिळालं, आणि पुढे एका छोट्या कळीवर त्यांनी ‘फुलराणी’ लिहिली. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी सुगरणीचा खोपा त्यांनी जसा पाहिला तसा आपण पाठ्यपुस्तकात वाचूनही पाहिला नाही. आपण त्या कविता पाठ केल्या, संदर्भासहित स्पष्टीकरण लिहिलं, पाचपैकी चार गुण मिळवले. मैदानात जाऊन फूल मात्र पाहिलं नाही. बाई, ही तक्रार नाही. तुम्ही एकदा आम्हाला बाहेर नेलं होतं आणि आम्ही सगळा तास पकडापकडी खेळलो, हे मला आठवतं.

शेवटी एक मागणं आहे. आपण शाळेला आज देणगी देत आहोत, त्यातून बाकं येतील, प्रोजेक्टर येईल, चांगलंच आहे. त्यासोबत मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. नळाजवळचा दहा बाय दहा फुटांचा कोपरा तसाच राहू द्या. तिथे फरशी नको, तणनाशक नको. दगडी पाला उगवू दे, एखादी रुई येऊ दे, कुंपणाला एक बोर लावू. पाच-सहा भिंगं मी देते. वर्षातून दोनदा येऊन मुलांना पालथं पडून बघायला शिकवायचं कामही माझं. कपडे मळले म्हणून पालकांनी ओरडू नये, एवढं मात्र तुम्ही बघा.

बाहेर टेबलावर बोरं ठेवली आहेत, मेहरूणचीच आहेत. खाऊन जा. आणि पावसाळा सरताना, सप्टेंबरात, जमलं तर एकदा परत या. तेव्हा फुलं असतात.