खिडकीतला बर्फ

(इंग्लंडमधील लीड्स शहरात राहणारे एक छायाचित्रकार सुटीत आपल्या गावी आले होते. गावच्या शाळेत त्यांनी मुलांशी केलेल्या गप्पा या पाठात दिल्या आहेत.)

मुलांनो, मीही याच शाळेत शिकलो. त्या कोपऱ्यातल्या खिडकीपाशी माझी जागा होती. आज गुरुजी मला म्हणाले, "फोटो कसे काढतात ते मुलांना सांगा." पण फोटो काढणं आता तुम्हालाही येतं. मी सांगणार आहे ते फोटो काढून झाल्यानंतरचं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी आई पहिल्यांदाच लीड्सला आमच्याकडे आली होती. जानेवारी महिना होता. एके सकाळी ती खिडकीपाशी चहा घेत बसली होती आणि बाहेर बर्फ पडू लागला. तोवर आईनं बर्फ पाहिला होता तो रसाच्या गुऱ्हाळातला! ती कप खाली ठेवून लहान मुलीसारखी हसली. मी चटकन कॅमेरा उचलला आणि बटण दाबलं. दुसरा फोटो घेईपर्यंत ते हसू ओसरलं होतं.

फोटो पाहिला आणि मी खट्टू झालो. खिडकी पांढरीफटक आणि आईची नुसती काळी सावली! माझी मुलगी म्हणाली, "बाबा, पुसून टाका हा." तुमच्यापैकी पुष्कळांनी तेच केलं असतं. मी मात्र तो ठेवला, कारण माझा कॅमेरा फोटो 'रॉ' स्वरूपात साठवत होता. रॉ म्हणजे कच्चा.

कच्चा फोटो म्हणजे काय बरं? आपण मोबाइलवर फोटो काढतो, तेव्हा मोबाइल आतल्या आत पुष्कळ उद्योग करतो. उजेड किती, रंग किती गडद, हे तोच ठरवतो आणि तयार फोटो आपल्या हाती देतो. म्हणजे वाढलेलं ताटच म्हणा ना! ताटातली भाजी खारट झाली, तर मीठ परत काढता येत नाही. रॉ फोटो म्हणजे शिधा. पीठ वेगळं, डाळ वेगळी, मीठ वेगळं. स्वयंपाक आपण करायचा. बिघडला तर त्याच शिध्यातून पुन्हा करायचा, कारण हा शिधा कधी संपत नाही! संगणक मूळ फोटोला हातसुद्धा लावत नाही. आपण काय काय बदललं, याची फक्त यादी तो बाजूला लिहून ठेवतो.

आणखी एक गंमत. नेहमीच्या तयार फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. माझ्या कॅमेऱ्याच्या रॉ फोटोत १६,३८४ पायऱ्या असतात. आपल्या डोळ्यांना नुसता काळोख दिसतो, तिथंही बारीक बारीक फरक नोंदलेले असतात.

कॅमेऱ्याच्या आत एक चकती असते. तिच्यावर रांगोळीच्या ठिपक्यांसारखी लाखो बारीक घरं असतात. एका घरावर लाल गाळणी, दुसऱ्यावर हिरवी, तिसऱ्यावर निळी. एका घराला एकच रंग कळतो. बाकीचे दोन रंग शेजारच्या घरांना विचारून संगणक हिशेबानं काढतो. तीन रंगांतून सगळे रंग मिळवण्याची ही युक्ती फार जुनी आहे. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या स्कॉटिश शास्त्रज्ञानं ती १८६१ साली लंडनमध्ये करून दाखवली. एका चट्ट्यापट्ट्यांच्या फितीचे तीन फोटो लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून काढले होते. त्याच रंगांच्या प्रकाशात ते पडद्यावर एकमेकांवर पाडले आणि रंगीत फीत दिसू लागली!

तर त्या रात्री मी संगणकावर आईचा फोटो उघडला. सावलीचा उजेड वाढवण्याची पट्टी हळूहळू उजवीकडे सरकवली. आधी कपाळावरचं कुंकू दिसलं. मग चष्म्याची काडी, गालावरच्या सुरकुत्या आणि शेवटी ते हसू! माझी मुलगी तर ओरडलीच, "आजी आली!" घरातल्या दिव्यामुळे आईचं पांढरं पातळ पिवळट दिसत होतं. "हे पांढरं आहे बरं का," असं संगणकाला सांगितलं, तेव्हा बाकीचे रंगही ताळ्यावर आले. चेहऱ्यावर थोडी रवाळ ठिपक्यांची जाळी आली, ती मी बरीचशी पुसली. सगळी पुसली असती, तर सुरकुत्याही गेल्या असत्या आणि आई मेणाची दिसली असती.

खिडकीच्या पट्टीशी मी तासभर झटलो. ती डावीकडे ओढली, तर पांढऱ्याचं फक्त राखाडी झालं. बर्फाचा एक कणही दिसेना. असं का? घागर काठोकाठ भरली, की पुढं कितीही पाणी ओता, ते वाहूनच जातं. नंतर घागरीकडे पाहून किती पाणी ओतलं होतं, ते सांगता येत नाही. खिडकीकडची घरं उजेडानं अशीच भरून वाहिली होती. तिथं काही लिहिलंच गेलं नव्हतं, मग वाचणार काय?

खिडकीवरून आठवलं. इंग्लंडमध्ये लॅकॉक नावाचं एक गाव आहे. तिथल्या मोठ्या वाड्यात विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट राहत. त्यांचे कॅमेरे म्हणजे लहान लाकडी पेट्या. त्यांची बायको त्यांना उंदरांचे सापळे म्हणायची! १८३५ च्या ऑगस्टमध्ये टॅल्बट यांनी अशाच पेटीनं वाड्याच्या खिडकीचं चित्र घेतलं. ते जेमतेम टपालाच्या तिकिटाएवढं होतं. पण भिंगातून पाहिलं, तर काचेची सुमारे २०० तावदानं मोजता येत होती. चित्र मात्र उलटं होतं. उजेड काळा आणि काळोख पांढरा! ही आज टिकून असलेली सर्वांत जुनी निगेटिव्ह. तेव्हापासून छायाचित्रकार निगेटिव्ह जपून ठेवत आणि तिच्यावरून हव्या तशा प्रती काढत. आमची रॉ फाइल म्हणजे तीच निगेटिव्ह.

असो. खिडकी रिकामीच राहिली, तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "बाबा, दुसऱ्या फोटोतला बर्फ इथं चिकटवा ना! कुणाला कळणार आहे?" खरंच, दोन मिनिटांचं काम होतं. मलाही मोह झाला, खोटं कशाला सांगू?

मग मी तिला लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची हकिकत सांगितली. हे संग्रहालय दरवर्षी रानातल्या प्राण्यांच्या फोटोंची मोठी स्पर्धा भरवतं. निवडक फोटोंच्या रॉ फाइली परीक्षक मागवून घेतात. २०१७ साली बक्षीस मिळालेल्या एका फोटोत रात्रीच्या वेळी वारुळापाशी आलेला मुंगीखाऊ होता. फोटो ब्राझीलमधला. पुढं शंका आली. छायाचित्रकारानं आधीच्या आणि नंतरच्या रॉ फाइली दिल्या, पण त्यांत मुंगीखाऊ कुठंच नव्हता. तिथल्या उद्यानात पेंढा भरलेला एक मुंगीखाऊ होता. पाच शास्त्रज्ञांनी दोन्हींच्या अंगावरच्या खुणा ताडून पाहिल्या. हा तोच आहे, असं त्यांचं मत पडलं. छायाचित्रकारानं ते मान्य केलं नाही, पण २०१८ मध्ये बक्षीस परत घेण्यात आलं.

"पण आपण कुठं स्पर्धेत पाठवतोय?" मुलगी म्हणाली. तिचंही खरं होतं. शेवटी आम्ही आजीलाच विचारलं.

आईनं फोटो निरखून पाहिला. "राहू दे गं तशीच खिडकी," ती म्हणाली. "मला पेन दे बघू."

आता तो फोटो इथंच, गावच्या घरी भिंतीवर आहे. खिडकी अजून कोरीच आहे. फोटो उलटा केला, की मागं आईच्या किरट्या अक्षरात लिहिलेलं दिसतं : "बाहेर बर्फ पडत होता."