आधी स्टिकर वाचा

आज मिळालेल्या वेळेतला निम्मा वेळ मी एका स्टिकरवर घालवणार आहे, कारण पोरं नेमकं तेवढंच वाचत नाहीत.

पुण्यातल्या कंपन्यांतून निघालेले डेल, एचपी, लेनोवोचे आडवे, बुटके डेस्कटॉप हल्ली श्रीगोंद्यात, काष्टीत, बेलवंडीत बऱ्याच टेबलांवर दिसतात. मशिन मजबूत, किंमत परवडणारी. लग्नाचे व्हिडिओ करणारा असो, फ्लेक्सचं डिझाइन करणारा असो की ऑटोकॅड शिकणारा डिप्लोमाचा मुलगा, थोड्याच दिवसांत प्रत्येकाला ग्राफिक्स कार्ड हवंसं वाटतं. घ्या, जरूर घ्या. पण कार्ड आधी आणायचं आणि मग ते चालेल का हे विचारायला यायचं, ही सवय सोडा. आधी झाकण उघडा आणि पॉवर सप्लायवरचं स्टिकर वाचा.

शिवारातली डीपी डोळ्यांपुढे आणा. लाइट आली की साऱ्या मोटारी एकदम सुरू होतात. कुणी पाचच्या जागी साडेसातची मोटार गुपचूप बसवतो, लोड वाढत जातो आणि एक दिवस डीपी जळते. मग पाणी एकट्याचं थांबत नाही, सगळ्यांचं थांबतं. डेस्कटॉपच्या डब्यातला पॉवर सप्लाय म्हणजे ती डीपी. कार्ड ही नवी मोटार. प्रोसेसर, डिस्क, पंखा हे त्याच डीपीवरचे जुने शेतकरी.

स्टिकरवर ठळक अक्षरांत 240 वॅट असं काहीतरी असतं. तेवढ्यावर थांबू नका. 12 व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर बघा. समजा 16 आहेत, तर 12 गुणिले 16, म्हणजे 192 वॅट. चौथ्या पिढीचा साधा आय-फाइव्ह 84 वॅटचा. कार्डाला स्लॉटमधून जास्तीत जास्त 75 मिळतात. झाले 159. उरलेल्या 33 मध्ये डिस्क आणि पंखे. भागतं, पण काठोकाठ. शिवाय काही छोट्या डब्यांच्या स्लॉटला कंपनीनेच 75 पेक्षा कमी मर्यादा घातलेली असते. आपल्या मॉडेलची पुस्तिका नेटवर मिळते, ती पाहा.

मागे एका मुलाने वडिलांच्या दुधाच्या पगारातून कार्ड आणलं. त्याला सहा पिनांची जादा वायर लागत होती आणि डब्यात तसली वायरच नव्हती. दुकानात त्याला डिस्कच्या साटा प्लगवरून ती वायर काढून देणारा कन्व्हर्टर मिळाला. साटा प्लग 12 व्होल्टवर 54 वॅटपर्यंतच झेपतो, सहा पिनी कार्ड तिथून 75 ओढू शकतं. मशिन माझ्या टेबलावर आलं तेव्हा काळं प्लास्टिक पिनांवर वितळून बसलं होतं, पिवळी वायर तपकिरी पडली होती. पोरांनो, हा आकडा टाकण्याचा प्रकार झाला! मोठा पॉवर सप्लाय टाकू म्हणाल, तर या डब्यांत तो कंपनीच्याच मापाचा असतो. बाजारातला आत मावत नाही आणि कित्येक मॉडेलांत प्लगही निराळा.

मग घ्यायचं काय? 30 वॅटचं जीटी 1030 आहे. 75 वॅटची जीटीएक्स 1050 टीआय आणि 1650 आहेत. त्यांतली अर्ध्या उंचीची, जादा वायर न लागणारी मॉडेलं शोधा. व्हिडिओवाल्यांनी 1030 च्या वाटेला जाऊ नये, त्यात एन्कोडर नाही. बाकीच्यांनीही खोक्यावरची मेमरी वाचावी. 2017 चं जीडीडीआर5 मेमरीचं 1030 सेकंदाला 48 जीबी वाहतं आणि 2018 चं डीडीआर4 चं जेमतेम 17. नाव एकच, पण चार इंची पाइपच्या जागी अडीच इंची जोडल्यासारखं. आरएक्स 6400 अवघ्या 53 वॅटचं आहे, पण ते चारच लेनवर चालतं, जुन्या स्लॉटमध्ये त्याची गती घटते.

मॉनिटरची केबल नव्या कार्डालाच लावा. निळ्या व्हीजीए प्लगचा जुना मॉनिटर असेल तर वेगळा कन्व्हर्टर लागेल.

तेव्हा स्टिकरचं पुन्हा सांगतो. घरी असा डबा असेल तर आज वीज बंद करून, वायर काढून झाकण उघडा. पॉवर सप्लायची पेटी मात्र खोलू नका, तिच्या आत वायर काढल्यावरही करंट असतो. फक्त स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढा आणि नगरला किंवा पुण्याला कार्ड घ्यायला गेलात की पैसे काढण्याआधी तो फोटो दुकानदारापुढे धरा.