तबक अजून डाव्या हातात
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषण)



याच मांडवात आरतीचे तबक वर्षानुवर्षे आमच्या दादांच्या उजव्या हातात असे. दोन वर्षांपूर्वी एका पहाटे तो हात उचलेना. 'झोपेत अवघडला असेल' म्हणून आम्ही तेल चोळत बसलो. तो अर्धांगवायू होता. पुढे चालणे सुधारले, हात मात्र लुळाच राहिला.

कोणीतरी सांगितले, मुंबईत रोबोट हात बरा करतो. देवासचा प्लॉट विकायचे घरात ठरत आले. त्याआधी आम्ही यंत्राची माहिती काढली.

झटक्यात मेंदूच्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण तीच हालचाल पुन्हा पुन्हा केली, तर मेंदूचे इतर भाग थोडेफार काम शिकून घेतात. त्यासाठी अमेरिकेत एमआयटीच्या नेव्हिल होगन, हर्मानो इगो क्रेब्स आदींनी 'एमआयटी-मॅनस' हा रोबोट बनवला. हात यंत्राला बांधायचा, पडद्यावरच्या खुणेकडे न्यायचा. रुग्णाला जमेल तेवढे त्याने, उरलेले यंत्राने. एका बैठकीत शेकडो वेळा.

याच रोबोटची ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर चाचणी झाली: ४५ मिनिटे, आठवड्यातून तीनदा, १२ आठवडे. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. हालचालीत थोडी भर पडली. पण वस्तू पकडणे, उचलणे यात नेहमीच्या उपचारांहून सरस फायदा दिसला नाही.

प्लॉट राहिला. फिजिओथेरपिस्टने घरचा सराव आखून दिला: शेंगदाणे या वाटीतून त्या वाटीत, रुमालाची घडी, दाराची कडी. तीन महिने फरक दिसेना. एकदा दादांनी वाटीच भिरकावली. वहिनी शेंगदाणे वेचत म्हणाल्या, "चला, पुन्हा एकपासून."

यंदा दादांनी उजव्या हाताने दुर्वा वाहिल्या. एकवीसांतल्या तीन खाली पडल्या. तबक अजून डाव्याच हातात आहे.

यंत्राला आम्ही नावे ठेवत नाही. सरावाला त्याची जोड मिळाली तर घ्यावी. पण सरावाऐवजी यंत्र, असे होत नाही.

आणि एक विनंती. तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोबडी वळली, तर तेल शोधू नका; थेट मेंदूचे स्कॅन होणारे रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देतात. आमचे ते तास गेले, तुमचे जाऊ नयेत.

गणपती बाप्पा मोरया!