शाकारणी थांबली म्हणून घर पाडावयाचे काय?

(जव्हार-मोखाडा भागातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आपणांपैकी काहींनी नाके मुरडली, हे मी ऐकून आहे. वनहक्काचे दावे पडून आहेत. वैतरणेचे पाणी मुंबईस जाते आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. भात निघाले की माणसे भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर जगायला जातात. अशा मुलखात जुन्या संगणकांवर व्याख्यान कशाला? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर प्रथमच देतो. आज सातबाऱ्याचा उतारा, शिधापत्रिकेची नोंद, दाव्याचा नकाशा आणि ग्रामसभेच्या ठरावाची प्रत हे सारे संगणकाच्या दारातून जाते. त्या दाराची किल्ली कोणाच्या हाती असावी, हा यंत्राचा प्रश्न नाही. तो राजकारणाचा प्रश्न आहे.

काही महिन्यांपूर्वी मोखाड्याकडील एका शाळेत गेलो होतो. कोपऱ्यात चादरीखाली सहा-सात संगणक झाकून ठेवलेले. गुरुजी म्हणाले, “ते बाद झाले.” बिघडले आहेत काय, असे विचारले. ते म्हणाले, “बिघडलेले नाहीत. पण आता यांना वरून आधार नाही, असे पडद्यावर लिहून येते.” बटन दाबले, यंत्र सुरू झाले. मुलांना अक्षरे टंकता आली असती, चित्रे काढता आली असती, हिशेब करता आले असते. चालते यंत्र बाद ठरवणारा हा हुकूम कोठून निघाला, हे आपण समजून घेतले पाहिजे.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ही प्रणाली जुलै २०१५ मध्ये बाजारात आणली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नियमित आधार थांबवला. आधार थांबला म्हणजे यंत्र मेले असे नव्हे. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी घर शाकारतात. कोठे गळते ते पाहून तेवढी जागा बुजवतात. प्रणालीतही दर महिन्यास नवी भोके सापडतात आणि कंपनी ती बुजवून देते. ती शाकारणी थांबली. घर उभे आहे, परंतु पुढील पावसात ते गळणार. ही भीती खोटी नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला आणि ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील हजारो भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवण्याची सोय दोन महिने आधीच उपलब्ध झालेली होती. ज्यांनी शाकारले नाही त्यांचेच घर वाहून गेले. म्हणून ‘चालते आहे तर चालू द्या’ असे मी म्हणणार नाही. दावेदारांची कागदपत्रे ज्या यंत्रात आहेत ते उघडे टाकणे हा आपल्याच माणसांचा विश्वासघात ठरेल.

मग विंडोज ११ का घेऊ नये? कारण कंपनीने घातलेल्या अटी. यंत्रात सुरक्षेची विशिष्ट चिप हवी आणि प्रोसेसर साधारणतः २०१८ नंतरचा हवा. कॅनालिस या संशोधनसंस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये असा अंदाज केला होता की, या अटींमुळे जगातील सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतील. पुढे कंपनीने घरगुती ग्राहकांसाठी एका वर्षाची मुदतवाढ जाहीर केली. तिच्यासाठी ३० डॉलर द्या, नाहीतर आपले यंत्र कंपनीच्या खात्याशी जोडा, असा तो प्रस्ताव होता. युरोपातील ग्राहकसंघटनांनी आवाज उठवताच तेथील ग्राहकांना ती विनामूल्य मिळाली. ज्याने मागितले त्यास मिळाले, ही गोष्ट चळवळीतील माणसास नव्याने सांगावयास नको.

येथे मला आपल्याच इतिहासातील एक प्रकरण आठवते. आयबीएम ही अमेरिकन कंपनी १९६० आणि ७० च्या दशकांत भारतात संगणक भाड्याने देत असे. त्यांत १४०१ या जातीची यंत्रे पुष्कळ होती. पाश्चात्त्य देशांत मागे पडलेली, डागडुजी करून इकडे दिलेली. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी भागभांडवल ४० टक्क्यांवर आणावयाचे होते. जनता सरकारात उद्योगमंत्री असलेल्या जॉर्ज फर्नांडिस यांनी त्या कायद्याचा आग्रह धरला. कंपनीने मान्य केले नाही आणि १९७८ साली ती देशातून गेली. हे सर्वांस ठाऊक आहे. सभांतून आपण ते अभिमानाने सांगतोही. परंतु दुसऱ्या दिवशी त्या शेकडो यंत्रांचे काय झाले, हे क्वचितच सांगितले जाते. ती बंद पडली नाहीत. कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन ही सरकारी कंपनी आधीच स्थापन झालेली होती. तिच्या अभियंत्यांनी ती यंत्रे ताब्यात घेतली, दुरुस्त ठेवली, चालवली. याच सीएमसीने पुढे १९८० च्या दशकात रेल्वेच्या आरक्षणाची संगणक-व्यवस्था उभारली. दुरुस्ती करता करता माणसे निर्मिती शिकली. नंतर ती कंपनीही खाजगी हाती गेली, हा भाग वेगळा.

या प्रकरणाचा बोध माझ्या मते असा की, ‘चले जाव’ म्हणण्याचा अधिकार त्यालाच असतो ज्याच्यापाशी दुसऱ्या दिवशी यंत्र चालवणारा हात तयार असतो.

आज तो हात तयार करणे अधिक सोपे आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. त्यांतून उभी राहिलेली प्रणाली कोणासही विनामूल्य घेता येते, बदलता येते, वाटता येते. आपल्या सी-डॅकनेही त्याच पायावर ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली तयार केली. केरळात २००१ साली सुरू झालेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पाने सरकारी शाळांतील संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेले. तेथील मोठे काम प्रणाली बसवण्याचे नव्हते. शिक्षकांना ती हाताळावयास शिकवण्याचे होते.

आता कामाचे बोलतो. दहा वर्षांचा संगणक मंद वाटतो तो बहुधा जुन्या हार्ड डिस्कमुळे. तिच्या जागी एसएसडी बसवली आणि रॅम वाढवली तर तो पुन्हा उपयोगी पडतो. त्यावर लिनक्स मिंटसारखी प्रणाली पेनड्राइव्हवरून आधी चालवून पाहावी; सर्व भाग ओळखले गेले तरच कायम बसवावी. बसवण्यापूर्वी प्रत्येक कागदाची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. आपल्या कचेऱ्यांतील जुने ठराव युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत टंकलेले आहेत. ते तसेच नेले तर मराठीऐवजी भलतीच चिन्हे दिसतील. म्हणून ते आधी युनिकोडमध्ये आणावेत, निदान त्यांची पीडीएफ करून घ्यावी. नवे टंकलेखन इनस्क्रिप्ट कळफलकावर करावे. तो या प्रणालींत असतोच.

अडचणीही लपवीत नाही. बोटांचे ठसे घेणारी कित्येक उपकरणे आणि काही प्रिंटर केवळ विंडोजसाठीच बनवलेले असतात. सेवा केंद्राचे यंत्र म्हणून घाईने बदलू नये. फार जुन्या ३२-बिट यंत्रांना येथेही मर्यादा आली आहे. डेबियनसारख्या प्रणालीने ऑगस्ट २०२५ च्या आवृत्तीपासून अशा यंत्रांवर ती नव्याने बसवण्याची सोय बंद केली. अशी यंत्रे इंटरनेटपासून तोडून टंकलेखनाच्या सरावास ठेवावीत. जे खरोखर निकामी झाले ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाऊ नये, तर २०२२ च्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्प्रक्रियेकडे जावे. कारण त्यातील शिसे शेवटी कोणाच्या तरी पोराच्या अंगात जाते, आणि ते पोर श्रीमंताचे नसते.

एक आक्षेप मात्र मला फार जिव्हाळ्याचा वाटतो. एका तरुण कार्यकर्त्याने मघाशी विचारले, “शहरात टाकलेले यंत्र आदिवासींच्या पोरांच्या गळ्यात बांधावयाचे, हीच का समता?” नाही. जेथे नवे हवे तेथे नवेच मागू, आणि शासनाकडून घेऊ. जुने दान म्हणून पाठवणाऱ्यांना नम्रपणे परत पाठवू. परंतु दोन गोष्टींत भेद करा. आयबीएमची जुनी यंत्रे आपल्याकडे होती तेव्हा भाडे त्यांचे, किल्ली त्यांची आणि आपण केवळ भाडेकरू होतो. आपल्याच शाळेतले यंत्र आपल्याच पोराने उघडून, समजून घेऊन पुन्हा चालवले, तर ते यंत्र जुने असले तरी ते पोर भाडेकरू राहत नाही. नवे यंत्र मिळाल्यावरही त्याची किल्ली मागावयास तेच पोर पुढे येईल.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. सरकारी खरेदीच्या निविदेत दुरुस्तीची आणि दीर्घ आधाराची अट असावी. आश्रमशाळांतील चालू यंत्रे तपासल्यावाचून बाद ठरवू नयेत. स्थानिक तरुण-तरुणींना दुरुस्तीचे शिक्षण मिळावे आणि त्या कामाचे वेतनही मिळावे. फुकटची सेवा नव्हे. आणि मागणीबरोबर काम: प्रत्येक तालुक्यात आपल्यापैकी निदान दोघांनी हे हाताने करून पाहावे.

शाकारणारा आला नाही म्हणून इथल्या माणसाने कधी घर मोडले नाही. तो स्वतः वर चढला. आपणही चढू या.